मागितलेली फांदी

झाडूच्या दांड्याला सुतळीने बांधलेलं खुरपं मातीत रुतलं आणि नुसता दांडाच शर्मिष्ठाबाईंच्या हातात वर आला. गवत जागचं हललं नाही.

त्या तशाच उभ्या राहिल्या. खाली बसणं जमलं असतं, पण मग उठवायला कुणीतरी लागलं असतं.

"मोडलं का तुझं यंत्र?" शेजारच्या इमारतीतल्या तळमजल्याच्या खिडकीतून नीलाने विचारलं. नीला आणि त्या पार्ल्याच्या या गल्लीत एकाच वर्षी सून म्हणून आलेल्या. सकाळचा चहा नीला खिडकीच्या गजांना टेकूनच प्यायची, आणि चहाबरोबर तिला शर्मिष्ठाबाईंची थोडी फजिती लागायची.

"सुतळी ओली होती गं."

"सुतळी ओली आणि गुडघे सुके. अनय म्हणतो ते ऐक एकदाचं. लाद्या टाकून घे."

अनय, त्यांचा मुलगा, रविवारी येऊन टेपने मापं घेऊन गेला होता. पावसाळा संपला की घरामागच्या या बागेच्या पट्ट्यात लाद्या बसणार होत्या. "आई, इथे पडलीस तर कुणाला कळणारही नाही," एवढंच तो म्हणाला होता, आणि ते खोटं नव्हतं. माळी ठेवून पाहिला होता. तो दोनदा आला, तिसऱ्यांदा त्याचा फोन लागेना. मग गवत माजलं. कंपाउंडच्या भिंतीकडे तर गेल्या पावसाळ्यापासून त्यांचं पाऊल पडलं नव्हतं. तिकडे काय जगलं आणि काय मेलं हे दारातून दिसत नव्हतं, आणि खरं म्हणजे त्यांना पाहायचंही नव्हतं. दाराजवळचा गावठी गुलाब मात्र अजून त्यांच्या हाताशी होता. निदान तो तरी लाद्यांखाली जाऊ नये, कुणाकडे तरी जगावा, म्हणून त्यांचा जीव तुटत होता.

स्कूटर लावून श्रुतिका बोळातून आली. चार महिन्यांपूर्वी ती आणि तिचा नवरा शर्मिष्ठाबाईंच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायला आले होते. मातीत उभं खुरपं आणि हातात दांडा पाहून ती मागच्या फाटकातून आत येऊन उकिडवी बसली, खुरपं काढलं आणि त्याच्याबरोबर गवताचं एक ठोंबही उपटून बाजूला टाकलं.

"घ्या आजी." उठताना तिचं नाक गुलाबाशी आलं. ती तिथेच थांबली. "कसला भारी वास आहे याचा! आमच्या लांज्याच्या घरी सेम असा होता. आजी, एक फांदी द्याल मला? माझ्या बाल्कनीत काहीच टिकत नाही, पण हा मी जगवेन ना. प्रॉमिस."

"नाही," शर्मिष्ठाबाई म्हणाल्या.

श्रुतिका गोरीमोरी झाली. "ओके. चालेल ना आजी, काही नाही," म्हणत तिने हात ओढणीला पुसले आणि ती जिन्याकडे गेली.

"शहाणीच आहेस," नीलाने कप खिडकीत आपटला. "पोरीने चिखलात हात घातला तुझ्यासाठी. आणि गुलाब कुणाला देऊ, कुणाला देऊ म्हणून माझं डोकं कोण खातंय?"

"तिला द्यायचाय म्हणूनच नाही म्हटलं. मागून नेलेलं जगत नाही."

"अजून तेच?"

"गेल्या वर्षी तीन कुंड्या दिल्या. हौसेने मागून नेल्या. आता जिन्यात नुसत्या काड्या उभ्या आहेत. आणि मला हे शिकवलं कुणी? तूच म्हणायचीस, मागितलेलं मेलं तर पुन्हा मागता येतं, चोरलेलं मेलं तर तोंड कुणाला दाखवायचं?"

ही अख्खी बाग त्या दोघींनी चोरून आणलेली होती. क्रोटन जोगेश्वरीच्या एका दातांच्या डॉक्टरच्या फाटकातून आलं होतं. गुलाब मढचा. भिशीच्या बायका सहलीला गेल्या होत्या, एका बंगल्यात शूटिंग चाललं होतं आणि सगळ्या माना उंच करून हिरॉइन शोधत होत्या. शर्मिष्ठाबाई तेवढ्यात कुंपणाशी गेल्या. ओल्या रुमालात गुंडाळलेली ती फांदी त्यांनी वर्सोव्याच्या होडीत मांडीवरच्या डब्यात लपवली होती, आणि नीला इतकी हसत होती की होडीवाल्याला वाटलं हिला बोट लागली. विकत आणलेली झाडं गेली, वाढदिवसाला आलेली गेली. ही राहिली.

दुसऱ्या दिवसापासून शर्मिष्ठाबाई कामाला लागल्या. सकाळी श्रुतिका स्कूटर काढायच्या वेळी त्यांनी मागच्या फाटकाची कडी काढून ठेवली, गुलाबाशेजारी कात्री ठेवली आणि बोळात ऐकू जाईल अशा आवाजात नीलाला सांगितलं, "मी पूजेला बसतेय गं. आता अर्धा तास उठत नाही."

पाच मिनिटांत बेल वाजली. दारात श्रुतिका, हातात कात्री.

"आजी, बाहेर राहिली होती. गंजेल ना पावसात."

त्याच्या पुढच्या दिवशी त्यांनी गुलाबाची एक लांब फांदी जाळीतून बोळात काढून ठेवली, येणाऱ्याजाणाऱ्याला लागेल अशी. श्रुतिकाने स्कूटर थांबवली, काटे चुकवत ती फांदी हळूच आत सरकवली आणि ती निघून गेली. नीलाने खिडकीत पदराने डोळे पुसले. हसून हसून तिला पाणी आलं होतं.

"फार चांगल्या घरची आहे गं. तुझं काही खरं नाही."

"आपण काय वाईट घरच्या होतो?"

"मी सांगू का तिला?"

"सांगितलं की संपलंच. मग ते दिल्यासारखंच झालं." शर्मिष्ठाबाई खुर्चीवर टेकल्या. त्यांचा आवाज उतरला होता. "जाऊ दे. लाद्या टाकू."

त्या आठवड्यात त्यांनी कात्री पुन्हा बाहेर ठेवली नाही. कडी मात्र काढलेलीच राहिली, लावायचं लक्षात आलं नाही म्हणून.

शनिवारी पूजा आटोपून त्या मागच्या दारात आल्या. गुलाब जसाच्या तसा होता. पण फाटक किलकिलं होतं, आणि गवतात एक वाट पडली होती. ती गुलाबाकडे वळली नव्हती. सरळ भिंतीकडे गेली होती.

"अगं ए, कुठे निघालीस? शेवाळ आहे तिकडे," नीला ओरडली.

शर्मिष्ठाबाई एका हातात काठी आणि दुसरा हात घराच्या भिंतीला लावून एकेक पाऊल पुढे टाकत राहिल्या. शेवटच्या कोपऱ्यात, फुटक्या टबामागे, वेलींनी वेढलेलं काहीतरी उभं होतं. त्यांनी काठीने वेल बाजूला केला. खाली गडद, तुकतुकीत पानं होती.

"काय आहे?"

"अनंत."

"आपला? तो तर वाळला होता."

"मलाही तसंच वाटत होतं."

नीला म्हणाली, "त्याच्यापायी कुत्रं मागे लागलं होतं आपल्या. माझी चप्पल गेली."

शर्मिष्ठाबाईंचं लक्ष नव्हतं. एक फांदी ताजी तोडलेली होती. कापलेली नव्हे, मोडलेली. साल थोडी सोलून लोंबत होती, घाईघाईत ओढल्यासारखी. त्यांनी तिथे अंगठा टेकला. आतलं लाकूड हिरवं आणि ओलं होतं. शेजारच्या फांदीच्या शेंड्याला पीळ भरलेली एक कळी होती.

त्यांनी वर पाहिलं. हा कोपरा सरळ खाली दिसेल अशा तिसऱ्या मजल्याच्या ग्रिलमध्ये श्रुतिका उभी होती. नजरानजर होताच तिने हातातला काचेचा ग्लास झटकन पाठीमागे नेला.

"श्रुतिका," शर्मिष्ठाबाई म्हणाल्या, "आमच्याकडे चोरी झाली गं."

श्रुतिकाने ग्लास आणखी मागे दडवला.

"काय... काय गेलं आजी?"

"ते दिवाळीनंतर कळेल. जगलं तर."

त्यांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि अनंताला लगटून वाढलेल्या गवताला हात घातला. गवत इतकं उंच झालं होतं की उपटायला वाकावंही लागलं नाही.