वर्खासाठी पंखे बंद

आइस्क्रीमवर सोन्याचा वर्ख लावायचा म्हणजे भटारखान्यातले पंखे बंद. जरा वारा लागला की वर्ख उडालाच. भट्ट्या मात्र धगधगत असायच्या. आचाऱ्याचं डोकं आधीच तापलं होतं, तेवढ्यात भांडी घासणाऱ्या मावशी घेरी येऊन खाली बसल्या. त्याने तडक पंखा लावला. वर्ख उडाला आणि मावशींच्या घामेजल्या गालावर चिकटला.

मॅनेजर धावत आला. "अरे, पुसू नका! सोनं आहे ते!"

"आणि मावशी कोण आहेत?" आचारी कडाडला. मावशींना पाणी पाजून त्याने तो वर्ख कुंचल्याने हलकेच उचलला, आइस्क्रीमवर थापला आणि बशी मॅनेजरच्या हातात कोंबली.

"न्या. गिऱ्हाइकाला खारट लागलं तर सांगा, घाम आमच्याकडे फुकट असतो."