परतलेले पाणी

एका प्रयोगशाळेत दोन सख्ख्या बहिणी काम करीत असत. धाकटी प्लास्टिकसारखे पातळ पडदे घडवीत असे आणि थोरली टीजीए नावाचे यंत्र सांभाळीत असे. हे यंत्र म्हणजे भट्टीत टांगलेला अतिशय नाजूक तराजूच होय. पडद्याचा नखाएवढा तुकडा थाळीत ठेवून उष्णता वाढवीत न्यावी, म्हणजे वजन घटेल तशी संगणकावर रेघ उतरत जाते.

धाकटीच्या पडद्याची रेघ दोनदा उतरली. पहिली उतरण पाण्याची, याविषयी कोणाचेच दुमत नव्हते. दुसरी मात्र पाणी उकळते त्याहून पुष्कळ वरच्या उष्णतेला आली. धाकटीच्या मते तेही पाणीच होते, पडद्याने उराशी घट्ट धरलेले. तापल्या यंत्रातही ओलावा न सोडणारा पडदा घडावा, याचसाठी तिने जिवाचे रान केले होते. परंतु प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी थाळीतला पिवळा तुकडा चिमट्याने उचलून दाखवला व पडदाच करपतो आहे, असे मत दिले. येत्या परवाच्या बैठकीत हे काम बंद करू, असेही त्यांनी सूचित केले.

थोरलीही सरांच्याच बाजूची. "तुझं पाणी म्हणजे चिवट पाहुणाच की गं," ती म्हणाली. "घर पेटलं तरी उठत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी थोरलीच्या हातून पाव करपला. आईने कुरकुरत तो कालच्या वाळक्या पावाशेजारी ठेवला. धाकटीने सहज चाळा म्हणून दोन्ही तुकडे किटलीच्या वाफेवर धरले. वाळका पाव मऊ पडला. करपलेला काही केल्या बधेना. हातातला चहा तसाच टाकून ती उठली.

भट्टी दुसऱ्या उतरणीच्या तळाशीच थांबवावी, अशी गळ तिने थोरलीला घातली. यंत्र अर्ध्यावर थांबवणे थोरलीच्या शिस्तीत बसत नव्हते. बराच वेळ आढेवेढे घेऊन ती म्हणाली, "बरं बाई. पण पाव करपल्याचं कुठे बोलायचं नाही."

बाहेर आलेला तुकडा मुळीच पिवळा नव्हता. पिवळेपणा त्यापुढच्या उष्णतेचा होता. तो तुकडा रात्रभर दमट हवेच्या डबीत ठेवला. सकाळी वजन केले, तो गेलेले सर्व पाणी परत आलेले. पुन्हा तापवले, तेव्हा नवी रेघ जुन्या रेघेवर अशी चपखल बसली की दोन रेघा आहेत हे सांगूनही पटू नये.

बैठकीत सरांनी दोन्ही रेघा एकमेकींशी ताडून पाहिल्या. "करपलेल्याला पाणी परत चढत नाही," ते म्हणाले. "माझं चुकलं. हा पडदा पुढे जाईल." मग हे सुचले कसे, असे त्यांनी विचारले.

धाकटीने वचन पाळून मान खाली घातली. तेव्हा थोरलीच उभी राहिली. तिचा चेहरा अभिमानाने नुसता फुलून गेला होता.

"सर, माझा पाव करपला होता," ती म्हणाली.