विसण न घातलेलं पाणी

मी घंगाळ बोलतोय. तांब्याचं, रुंद तोंडाचं, दोन कड्यांचं घंगाळ. खरं तर मी बोलू नये. माझं काम पाणी धरायचं. पण ह्या घरात जे घडलं त्याबद्दल एकच माणूस दोषी ठरलंय, आणि ते घडलं तेव्हा सगळ्यात जवळ मी होतो. जवळ कसला, ते माझ्यातच घडलं. अडीच वर्षांची क्रांती माझ्यातल्या पाण्यात भाजली. ती पुन्हा नीट चालेल की नाही, हे अजून कोणी सांगू शकत नाही.

तळा गावच्या बाजारात एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. धाकू नावाच्या माणसाने मला घेतलं, तेव्हा त्याची बायको धोंडूबाई हिचे दिवस भरत आले होते. 'पोराला न्हाऊ घालायला पायजे,' एवढंच तो म्हणाला, आणि मला डोक्यावर पालथा घालून गावापर्यंत चालत आला. ऊन मी खाल्लं, सावली त्याने. आठवड्याने रत्नपाल जन्मला आणि माझं काम सुरू झालं.

धोंडूबाईचा एक नियम होता. कढत पाणी अंगाला सोसवेल असं करायला त्यात गार पाणी घालतात, त्याला विसण म्हणतात, हे तुम्हाला माहीत असेलच. बाकीच्या बायका आधी कढत ओततात, मग विसण घालतात. धोंडूबाईचं उलटं. आधी माझ्यात अर्धं गार पाणी, मग चुलीवरचं, मग कोपर बुडवून बघायचं. शेजारची मनुबाई तिला हसायची. "हसतंस काय? कढत पाणी एकटं ठेवायचं न्हाय," धोंडूबाई म्हणायची. न्हाणीतला नळ बरोबर माझ्या डोक्यावर होता, त्यामुळे नियम पाळायला कष्ट नव्हते.

रत्नपाल माझ्यात बसून मोठा झाला. धाकू गेला. रत्नपालला कंपनीत नोकरी लागली, रचना सून म्हणून आली, आणि मग क्रांती. ही पोर तर माझी फारच लाडकी. तिला कोणी उचलून माझ्यात बसवायची गरज नसे. कपडे काढले की स्वतःच कडी धरायची, एक पाय आत टाकायची आणि धपकन बसायची. पाणी बाहेर उडालं की तिला हसू आवरत नसे. मला तिचं कौतुक वाटायचं. आता त्याच सवयीची आठवण झाली की नको वाटतं.

न्हाणीघर मोडून नवं बाथरूम बांधायचं, हे रचनाच्या मनात बरेच दिवस होतं. तिचं माहेर दिवेआगरचं. चक्रीवादळात घर पडलं ते तिच्या भावाने नव्याने बांधलं आणि पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्या. तिथे फरशा, गरम पाण्याचा नळ, सगळं. "चार दिवस राहायला येणाऱ्यांना गिझर आणि माझ्या पोरीला चुलीचा धूर," ती म्हणायची. तिचं चुकत नव्हतं. न्हाणीची भिंत ओल धरून फुगली होती, शेवाळावरून धोंडूबाई एकदा घसरलीही होती. दोघं नवराबायको फरशांचे फोटो बघत बसत, तेव्हा घरात बरं वाटायचं.

दयाराम गवंडी म्हणाला, आठ दिवसांत देतो. पहिल्या दिवशी त्याने नळ काढला आणि न्हाणी फोडली. चौथ्या दिवशी फरशा आल्या त्या भलत्याच रंगाच्या. त्या परत गेल्या, दयाराम दुसऱ्या कामावर गेला, आणि आठाचे बावीस दिवस झाले. घरभर सिमेंटची धूळ. भातात कचकच लागायची. रत्नपाल कंपनीच्या बाथरूममध्ये आंघोळ करून यायचा, म्हणून रचना त्याच्यावर चिडायची. धोंडूबाई कोणाला काही म्हणत नसे, पण तिचे गुडघे बोलायचे.

मला उचलून मागच्या अंगणात ठेवलं. चार बांबू, तीन बाजूंना जुन्या साड्या, वर निळी ताडपत्री, झालं आमचं न्हाणीघर. तीन दगडांची चूल माझ्यापासून हाताच्या अंतरावर होती, आणि गार पाण्याचं पिंप घराला वळसा घालून पुढच्या दारी. नळाची नळी तिथवरच पोचत होती.

मग काय होणार? म्हाताऱ्या बाईने आधी पुढून दोन कळश्या आणायच्या, मग हंडा उतरवायचा. पहिले काही दिवस तिने आणल्या. मग एक दिवस पाणी उकळून सांडायला लागलं म्हणून तिने कढत आधी ओतलं आणि मग विसण आणायला गेली. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही काही झालं नाही. चाळीस वर्षांचा नियम असा चार दिवसांत सुटला. मी बघत होतो. तेव्हा मला बोलता येत असतं तर मी ओरडलो असतो.

तो रविवार होता. दिवेआगरला रचनाच्या भाच्याचं नामकरण होतं आणि आठची एसटी गाठायची होती. नेमका त्याच सकाळी दयाराम उगवला. भिंतीच्या फरशा लावण्याआधी पाण्यात भिजत घालाव्या लागतात. त्याने पाणी मागितलं. रत्नपाल म्हणाला, "पिंपातलं घ्या सगळं. नऊला नळाला पाणी येईल." आणि तो इस्त्री करायला आत गेला. हे त्याने कोणाला सांगितलं नाही.

धोंडूबाईने हंडा माझ्यात रिकामा केला. कळशी घेऊन ती पुढे निघाली आणि जाता जाता रचनाला म्हणाली, "पोरीकडं बघ गं. कढत ओतलंय. विसण आनते."

रचना न्हाणीच्या दारात उभी राहून दयारामला सांगत होती, वरची पट्टी निळी लावायची की चॉकलेटी. ती "हं" म्हणाली. मी ऐकलं. मान वळली नाही, पण "हं" म्हणाली.

पुढे पिंप कोरडं. धोंडूबाईने बूड खरवडून पाहिलं आणि ती तशीच मनुबाईच्या घरी गेली, पाणी मागायला. इतक्यात क्रांतीने अंगातला फ्रॉक काढला. साडीचा पडदा बाजूला करून ती आत आली, माझी कडी धरली, एक पाय आत टाकला आणि धपकन बसली.

तिचं ओरडणं मी सांगणार नाही.

रचनाने तिला बाहेर काढलं. भाजल्यावर गार पाणी ओतायचं असतं, आणि घरात थेंबभर पाणी नव्हतं. शेवटी दयाराम फरशा भिजत घातलेलं घमेलं घेऊन धावला. फरशा बाजूला फेकून ते सिमेंटी पाणी त्याने पोरीच्या पायांवर ओतलं. धोंडूबाई भरलेली कळशी घेऊन कोपऱ्यावर आली, तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

आधी माणगाव, मग अलिबाग, मग मुंबई. पोर अडीच महिने हॉस्पिटलात होती. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, कसं झालं? रचना सांगायची, आजीने कढत पाणी उघडं ठेवलं. रत्नपाल मान हलवायचा. तिथलं हे बोलणं मनुबाई भेटून आली तेव्हा तिनेच इथे धोंडूबाईला सांगितलं. धोंडूबाई म्हणाली, "खरं हाय ते." 'हं' तिलाही ऐकू आलं होतं. पिंप कोणी रिकामं केलं, हे तिला दयारामने सांगितलं होतं. तरी ती एवढंच म्हणाली. मला तेव्हा तिचा फार राग आला. अगं बाई, तुझा वाटा तिनातला एक आहे, बाकीचे दोन तू का उचलतेस?

पोर घरी आली ती उजवा गुडघा वाकवूनच. कातडी आवळली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज चालवा, रडली तरी चालवा, नाहीतर पाय असाच राहील. पण ती पाऊल टाकेना. बापाने चॉकलेट दाखवलं, आईने हात जोडले. दोन पावलं टाकायची आणि बसकण मारायची. नवं बाथरूम तयार होतं, निळी पट्टी, गिझर, आरसा. पाण्याचा आवाज आला की ती किंचाळायची. तिचं अंग ओल्या फडक्याने पुसून काढत. त्या आरशात कोणी नीट बघत नाही.

मला मागच्या अंगणात पालथा टाकलं होतं. एका दुपारी मनुबाई आली. मूल दाराला धडकलं की दाराला चापट मारून त्याला गप्प करतात, तशी ती चांगल्या मनाने माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ह्यानंच भाजलं ना आमच्या बायला? हात रे कर त्याला."

मी तयार होतो. मला मार हवाच होता.

क्रांती भिंत धरून उठली. एक, दोन, तीन पावलं. माझ्यापाशी आली, माझ्याकडे पाहिलं आणि पुढे गेली. पलीकडे धोंडूबाई तांदूळ निवडत बसली होती. पोरीने तिच्या खांद्यावर चापट मारली. "आजीने केलं," ती म्हणाली. अगदी आईच्या आवाजात.

दारात रचना उभी होती. ती वळून आत गेली. धोंडूबाईने सूप खाली ठेवलं. "मार गं बाय," ती म्हणाली. "अजून मार."

मनुबाई रडत होती. धोंडूबाई मात्र अंगणातली पावलं मोजत होती. पोर सात पावलं चालली होती.

दुसऱ्या दिवशी धोंडूबाई आठ पावलांवर बसली आणि तिने हाक मारली, "ये, मारायचं न्हाय का मला?" पोर आली. त्यानंतर दहा. आता आजी रोज त्याच वेळी बसते, आदल्या दिवशीपेक्षा थोडी लांब. काल फाटकाजवळ बसली होती. पोर रडत, भिंत सोडून, पाय ओढत फाटकापर्यंत गेली आणि तिने दोन्ही हातांनी आजीला बडवलं. गुडघा किंचित सरळ झालाय, असं रत्नपाल म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद होता, आणि त्याने आईकडे पाहिलं नाही.

खरं सांगून धोंडूबाईला सोडवावं, असं मला रोज वाटतं. पण पोरीचा राग गेला तर ती चालायची थांबेल. म्हणून घरात कोणाला न सांगता हे मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही इतक्यात कुठे बोलू नका. पोरीला आधी रस्त्यापर्यंत जाऊ द्या.