बाबा बरे आहेत

दर रविवारी अकरा वाजता मला खोटं बोलायचं असायचं, आणि तेही दहा मिनिटांत. नवरा सैन्याच्या प्रशिक्षण छावणीत. तिथे मोबाईल जमा करून घेतात आणि आठवड्यातून एकदा, रांगेत उभं करून, दहा मिनिटांसाठी परत देतात. आमच्या लग्नाला जेमतेम आठ महिने झालेले. हा नियम ज्याने काढला त्याला एक तर बायको नसावी, नाहीतर ती फार बोलकी असावी.

जाताना त्याने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. आई सगळं गोड करून सांगेल, तू मात्र खरं सांग. मी हो म्हटलं होतं.

तो गेला आणि बाराव्या दिवशी बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. तीस वर्षं वर्गात भूगोल शिकवलेला माणूस आता पाणी हवं असलं की डाव्या हाताने पेल्यावर चमचा वाजवतो. त्यांना दवाखान्यातून घरी आणलं त्याच संध्याकाळी सासूबाईंनी फर्मान काढलं की पोराला यातलं अवाक्षर कळता कामा नये. कळलं तर तो सगळं टाकून येईल, आणि मधेच सोडून आलेल्याला पुढच्या तुकडीबरोबर पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणाल्या.

आणि मूठ झाकायची कुणी? तर मी. कारण मी बसस्थानकावर उद्घोषणा करते. गाडी अजून डेपोतच धूत असतात, आणि मी ती थोड्याच वेळात फलाटावर लागेल असं इतक्या शांतपणे सांगते, की लोक सामान उचलून उभे राहतात. सासूबाईंना फोनवर रडू फुटतं. माझा आवाज हलत नाही. "तू सांगितलंस की कुणालाही खरं वाटतं," असं त्या कौतुकाने म्हणाल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण घरात नवी होते, मान डोलावली.

पहिल्या रविवारी मी बाबांना बाजारात पाठवलं. दुसऱ्या रविवारी अंघोळीला. बाबा कुठेही गेलेले नसायचे. ते आतल्या खोलीत कॉटवर पडलेले असायचे, दार उघडं असायचं आणि त्यांचे कान शाबूत होते. मुलाचा फोन आलाय हे त्यांना कळायचं, मी काय सांगते तेही कळायचं, आणि ते चमचा वाजवत राहायचे. नवऱ्याने विचारलं, कसला आवाज? मी म्हटलं, आई भांडी लावतायत. तिसऱ्या रविवारी मी बाबांना शेजारी पत्ते खेळायला धाडलं, आणि त्या दिवशी चमचा वाजलाच नाही. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

चौथ्या रविवारी सासूबाई नेहमीसारख्या समोर बसून मला डोळ्यांनी दटावत होत्या. मी त्यांच्याकडे पाठ केली.

"बाबांना झटका आलाय. महिना होत आला. मी तुझ्याशी तीन वेळा खोटं बोलले."

मग तो म्हणाला, "माहितीये मला."

आमच्याच गल्लीतला एक जण त्याच्या तुकडीत आहे. त्या मुलाच्या आईने पहिल्याच रविवारी त्याला सांगितलं होतं, आणि त्याने माझ्या नवऱ्याला.

"मग मला बोलू का दिलंस?"

"तू बरे आहेत म्हणालीस की आठवडा निघायचा," तो म्हणाला. "घरी आलो असतो तर परत जायचा धीर झाला नसता."

मला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही. आईला खोटं हवं होतं, मुलालाही तेच हवं होतं, आणि दोघांनी मिळून ते माझ्या तोंडी घातलं होतं. वर खरं सांगायचं वचनही माझ्याकडूनच घेतलेलं.

"मी तुझी बायको आहे," मी म्हटलं, "स्थानकावरचा भोंगा नाही. आणि बाबा काही बहिरे झालेले नाहीत. अजून सहा मिनिटं आहेत तुझी."

मी फोन घेऊन आत गेले. सासूबाई उठल्या, दारापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या. मी तो बाबांच्या कानाला लावला. पलीकडून दोनदा "बाबा" असं ऐकू आलं. दुसऱ्यांदा नीट उमटलं नाही.

बाबांनी डाव्या हाताने माझं मनगट फोनसकट घट्ट धरलं आणि बोलायला लागले. शब्द एकही नव्हता, नुसते घोगरे आवाज, पण मधे मधे थांबून, मुलाला उत्तर द्यायला जागा ठेवून. तो उत्तर देत होता. काय ते मी ऐकलं नाही. माझ्यासाठी त्यातलं काहीच नव्हतं, आणि महिन्याभरात पहिल्यांदाच मला राग आला नाही.

अकरा वाजून दहा मिनिटांनी फोन तिकडून बंद झाला. बाबा बोलतच होते. मी हात काढून घेतला नाही.