लेकीचं रान

स्वप्नाली नेमकं करते काय, असं शेळगावात विचाराल तर लोक डोकं खाजवतील. तिचे वडील रतनतात्या "कॉम्प्युटरवर हाय" एवढंच सांगायचे आणि विषय गवारीच्या भावावर न्यायचे. खरं तर पोरगी उजेडाची शेतं करायची. अंधाऱ्या खोलीत जमिनीवर प्रकाशाचा हिरवागार हरभरा उभा करायचा. माणसानं त्यात पाऊल टाकलं, की तिथली रोपं बाजूला सरायची अन् जांभळी फुलं उमलायची. पुण्या-बंगळुरात, पार परदेशातसुद्धा मोठमोठी माणसं त्यात पोरांसारखी नाचली. हिला मात्र एकच आस लागून राहिली होती, तात्यांच्या पायाखाली ते एकदा फुलावं. याला वेड म्हणा नाहीतर काय म्हणा, पण कुठंही टाळ्या वाजल्या की हिची नजर आपली दाराकडं.

शेवटी मोठी बोलावणी बाजूला सारून तिनं गावाकडंच, जळोचीत मंगल कार्यालयाचा हॉल घेतला. तात्या आले, अख्खी भावकी घेऊन आले. दिवे मालवले, हरभरा डुलायला लागला. आणि झालं काय, तर कुणी पायच टाकेना! सगळ्यांनी चपला काढल्या आणि कडेच्या अंधाऱ्या पट्टीवरून एकामागं एक चालू लागले. उभ्या पिकात पाय घालायची जन्मात सवय नाही, मग ते पीक उजेडाचं का असेना.

स्वप्नाली एकेकाच्या पायांकडं बघत राहिली. सांगितलं असतं तर ऐकलं असतं त्यांनी, पण सांगून टाकलेलं पाऊल तिला नको होतं. तेवढ्यात झुंबरआत्याला घाई झाली आणि ती सरळ मधूनच निघाली. तात्यांनी बहिणीचा दंड धरला.

"बांधावरनं चल की. माज्या लेकीचं रान हाय हे."

शेळगावचं सगळं रान स्वप्नालीच्या भावाचं, अजितचं. लेकीचं रान, असा शब्द त्या घरात आजवर कुणी उच्चारला नव्हता. 'तात्या, पाय टाका' हे ओठांवर आलेलं तिनं तसंच गिळलं. फुलं बघायची त्यांची राहिली ती राहिलीच, आणि तिच्या मनातली हुरहूरही काही गेली नाही. तिनं चपला काढल्या आणि वडिलांच्या मागं बांधावरनं चालायला लागली.