वार्निशापूर्वीचे वाचन

सत्य सांगणे हा धर्म खरा. परंतु ज्या असत्याच्या आधाराने कुणी आपला संसार रेटला असेल, त्याला हात लावताना सत्यवाद्यानेही क्षणभर थांबावे.

आमच्या शेजारच्या रंगाऱ्याचा एक नियम होता. पाटी परभाषेतली असली, की वार्निशाचा शेवटचा हात फिरवण्यापूर्वी तो ती मला वाचायला लावी. परभाषांच्या मास्तरकीतून निवृत्त झाल्यानंतरची बारा वर्षे मी हेच करीत आलो. चष्म्यांच्या दुकानावर 'अंधार', पादत्राणांच्या दुकानावर 'जठर' अशा अर्थांची नावे मी वाचली, समजावून सांगितली आणि "अहो मास्तर, नाद बघा ना कसा आहे!" एवढे ऐकून घरी परतलो. पालथ्या घड्यावर पाणी ओतून मी थकलो होतो.

त्या दुपारी पाटी शिंपीणबाईंची होती. पतीमागे दहा वर्षे घरीच शिवण करून त्यांनी आता दुकान घेतले होते. दुसऱ्या दिवशी ते उघडायचे होते. नाव त्यांनी पतीच्या जुन्या परदेशी कोटाच्या आत शिवलेल्या छापील चिंधीवरून उतरवले होते. जहाजावर नोकरी करणाऱ्या त्या गृहस्थांनी अर्थ सांगितला होता, 'राणीचा पोशाख'.

मी वाचले. अर्थ होता, 'वेगळे धुवावे'.

"भाऊ, चुकलंय काही?"

"अक्षरं बरोबर आहेत."

"ती रंगारीदादांनी काढलीत, बरोबरच असणार. मी अर्थ विचारतेय."

इतके सरळ विचारल्यावर मी सांगितले.

बाई स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "त्यांना तरी कुठं वाचता येत होतं! दिलं ठोकून. थापाड्या माणूस!"

"वहिनी, रंग ओला आहे," रंगारी हळूच म्हणाला. "पुसतो. दुसरं नाव सांगा."

"नको. ज्याला वाचता येईल तो हसेल. हसत का होईना, आत तर येईल." मग माझ्याकडे वळताना त्यांचा आवाज उतरला. "लेकीला मात्र कळू देऊ नका, भाऊ. बाप गेला तेव्हा ती तीन वर्षांची होती. बापाची म्हणून तिला एवढी एकच गोष्ट ठाऊक आहे."

"नाही सांगणार," मी म्हणालो. शब्दांचे अर्थ सांगण्यात जन्म घालवलेल्या माणसाला ते वचन जड गेले; पण दिले.

त्या मायलेकींच्या हाताला यश येवो. आणि बायकोला राणी म्हणणाऱ्या त्या थापाड्या जिवालाही, जिथे असेल तिथे, शांती लाभो.