जो जन्मलाच नाही त्याचं सुतक

"मयत कोण झालंय ते आधी सांग पोरी, मग आमाला तोंड उघडाया लाव."

सान हुआन नदीकाठच्या आपल्या पडवीत माशांची खवलं काढता काढता फ्लोरीपेस आत्यानं हे बजावलं, त्याला वर्ष होत आलं होतं. मेदेयीन शहरातल्या कचेरीत कानांवर हेडफोन चढवले की यिर्लेसाला गाण्याच्या आधी आत्याचा तो आवाज ऐकू यायचा. मग ती हेडफोन थोडे सैल करायची आणि कामाला लागायची. मनाला न रुचणारं काम करणाऱ्यांना अशा लहानलहान सवयी लागतात.

त्या मंगळवारीही तसंच चाललं होतं. आठ माणसांची कचेरी, त्यात गोन्सालो मालक. दुपारच्या राजम्याच्या डब्यांचा वास अजून खोलीत होता. हे लोक 'नदीचा घास' नावाचा एक व्हिडिओ गेम बनवत होते. त्यात एक गोरा तरुण जंगलात खजिना शोधत हिंडतो, वाटेत बुडतो, सापानं मरतो, गोळी लागून मरतो, आणि दर वेळी बटण दाबलं की उठून बसतो. तो पडला की पाच बायकांचा रडवेला सूर उठतो. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. गोन्सालोच्याही यायचा, आणि तो बाही वर करून सगळ्यांना तो काटा दाखवायचा. माणसानं स्वतःच्या हळवेपणाचं एवढं कौतुक करू नये, पण ज्याच्याजवळ दुसरं काही नसतं त्यानं करावं तरी काय?

ते सूर आत्याचे आणि तिच्या चार सोबतिणींचे होते. म्हणजे होते आणि नव्हतेही. यिर्लेसानं गावी जाऊन पाचजणींचं चाळीस मिनिटांचं गाणं टिपलं होतं आणि एआयच्या यंत्राला खाऊ घातलं होतं. आता 'दुःख, जंगल, म्हाताऱ्या बायका' असे चार शब्द टाइप केले की कॉफी गार व्हायच्या आत यंत्र वीस गाणी ओकायचं. आत्या आयुष्यभर कंबरभर पाण्यात उभी राहून वाळूतलं सोनं चाळत आली. तिची छाती अधू झाली होती, शब्दाच्या मध्येच तिचा श्वास तुटायचा. यंत्रानं शब्द टाकून दिले आणि तो तुटका श्वास तेवढा उचलला. विकायला तोच बरा पडतो.

गेमच्या शेवटी नावांची यादी होती. त्यात संगीत गोन्सालोचं, ध्वनिरचना यिर्लेसाची आणि आवाज 'परंपरागत'. आमच्याकडे काळ्या बाईचा आवाज सगळ्यांना हवा असतो, तिचं आडनाव मात्र कोणाला लागत नाही. ती दाई असो, स्वयंपाकीण असो की मयताला गाणारी असो, ती 'परंपरा'च. परंपरेला जेवायच्या टेबलावर खुर्ची द्यावी लागत नाही, ही मोठी सोय आहे.

यिर्लेसाची स्वतःची एक चूक होती, आणि ती चूक नदीकाठच्या पोरीलाच सुचू शकते. ते गाणं, अलाबाओ, फक्त मयतासाठी. कोणी गेल्यावाचून उगाच म्हटलं तर म्हणणारीच्या घरातला माणूस जातो, अशी तिथली पक्की समजूत. शहरातल्या माणसानं मागितलं असतं तर पाचही जणींनी हसून वाटेला लावलं असतं. पण यिर्लेसाला ती समजूतही ठाऊक होती आणि तिच्यातली फटही. तिनं मयत तयार केलं. माझ्याबरोबर काम करणारा अनसेल्मो नावाचा मुलगा शहरात एकटा मेला, त्याच्यासाठी कोणी गायलं नाही, त्याच्या आईला ऐकवायला तुमचं गाणं टिपून नेते, असं तिनं सांगितलं.

"फोटो लागंल," आत्या म्हणाली होती. "तोंड बघितल्याबिगर कसं गावं?"

फोनवरून हे ऐकून गोन्सालो खुशीत आला होता. "फोटो ना? दोन मिनिटं थांब." आणि त्याच यंत्राकडून त्यानं एक काळा, लाजरा, पंचविशीतला चेहरा काढून पाठवला. वर सांगितलं, "जरा गरीब दिसेल असा घेतलाय."

त्या चेहऱ्यासमोर बायकांनी पांढरी चादर बांधली, वर काळ्या कापडाचं फुलपाखरू लावलं, आत्म्याची तहान भागावी म्हणून पाण्याचा पेला ठेवला. गाताना साबिना नावाची सोबतीण इतकी रडली की तिला धरून बसवावं लागलं. यिर्लेसानं रेकॉर्डिंगच्या यंत्राचा काटा तेवढा सांभाळला. आपल्या नावापुढे 'ध्वनिरचना' लागणार याचं तिला तेव्हा फार वाटत होतं.

मंगळवारी दुपारी आत्याचा फोन आला.

"काय गं शहरवाले, जेवलीस का? तुझ्या मालकाचं बोलावणं आलं बघ. शनिवारी जत्रेत येऊन मंचावर गा म्हणतोय."

यिर्लेसानं हेडफोन काढून ठेवले. शनिवारी व्हिडिओ गेमची मोठी जत्रा होती, तिथे 'नदीचा घास' परीक्षकांपुढे जाणार होता. पण बायकांना बोलावल्याचं तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"तुम्ही काय म्हणालात?"

"साबिना म्हणती, डोईला रंगीत फडकी बांधून माकडावानी नाचाया मी न्हाई येत. पर मी म्हनलं, येऊ. आगं, शनिवारीच अनसेल्मोचं वरीस भरतंय! मी रोज सकाळच्या प्रार्थनेत नाव घेती त्येचं. तुज्या आतोबाच्या अन् माज्या लेकराच्या फोटोशेजारीच ठिवलाय त्येला. तितंच त्येचं वर्षाचं गाऊ. तू एक कर, त्येच्या आईला घिऊन ये. एकदा तिच्या गळ्यात पडावं म्हणती. माजंबी लेकरू गेलंय, मला ठावं हाय ते."

यिर्लेसा "बरं" म्हणाली.

ती तशीच गोन्सालोच्या टेबलापाशी गेली. "आत्या अनसेल्मोच्या आईला भेटायचं म्हणते."

"कोणाच्या?"

"अनसेल्मोच्या. तुम्ही चेहरा काढून दिला होतात तो."

गोन्सालो आधी हसला, मग त्यानं मान तिरकी केली. नवं काही सुचलं की तो तशी करायचा. "अगं, हे तर उत्तम झालं! मंचावर मेलेल्याची आई आणि गाणाऱ्या बायका. परीक्षक रडतील. आमच्याकडे भांडी घासायला ओतिलिया येते ना, तिला उभी करू. तीही काळीच आहे. कोणाला कळतंय?"

"तिला खोटं रडायला लावायचं?"

"तिचाही मुलगा मेलाय वाटतं मागे. जमेल तिला."

हे तो वाईटपणानं बोलला नाही. तोंडाला कॉफीचा कप लावून, सहज, आपुलकीनं बोलला. दुष्ट माणसाला निदान आपण दुष्ट आहोत हे माहीत असतं. या असल्यांना आपण रसिक आहोत असं वाटतं, आणि त्यांच्या रसिकतेला रोज कोणाचं तरी काळीज वाटून लागतं. भाषणात तो 'पूर्वजांची हाक' म्हणायचा. त्याचे पूर्वज त्याच नदीवर खाणीचे मालक होते. हाक ते मारत, धावावं लागे ते दुसऱ्यांना.

यिर्लेसाला त्याचा राग आला, पण त्याहून जास्त तिला स्वतःची किळस आली. कारण ही युक्ती त्यानं तिच्याकडूनच उचलली होती. पहिलं खोटं मयत तिनंच मांडलं होतं.

"जत्रेच्या कागदावर माझी सही लागणार आहे," ती म्हणाली. "आवाज देणाऱ्यांना सगळं सांगून आवाज घेतलेत, असं त्यावर लिहिलंय. मी सही करणार नाही."

"आवाज? आवाज कुठले? सगळं यंत्रानं गायलंय."

"मग माझ्या आत्याला मंचावर कशाला बोलावता?"

बाकीच्या सहा जणांनी पडद्यांत डोकी खुपसली. ही सगळी शिकलेली, भली पोरं. आठवड्यातून एकदा न्यायाविषयी बोलायला जमत. आज तो वार नव्हता.

"विचार कर, मोरेना," गोन्सालो गोड आवाजात म्हणाला. सावळ्या पोरीला अशी हाक मारली की नाव घ्यावं लागत नाही. "तुला त्या चिखलातून इथं कोणी आणलं?"

"आत्यानं. तिनं चाळलेल्या सोन्यावर शिकले मी. आणि माझं नाव यिर्लेसा मोस्केरा आहे. यादीत लिहिताना आठवलं होतं ना तुम्हाला?"

तिनं तिथंच बसून जत्रेच्या आयोजकांना पत्र लिहिलं. पाचही जणींची नावं आडनावांसकट लिहिली, अनसेल्मोचंही खरं लिहिलं, आणि ते खोटं आपणच सांगितलं हेही लिहिलं. प्रत गोन्सालोच्या टेबलावर ठेवली. मग जिन्यात जाऊन आत्याला फोन लावला. पत्रापेक्षा हे अवघड होतं.

तिनं सगळं सांगितलं. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"म्हंजी त्यो मेला न्हाई?"

"तो नव्हताच, आत्या."

"मग मी वरीसभर देवाफुडं कुनाचं नाव घेतलं?"

यिर्लेसा जिन्याच्या पायरीवर बसली.

"अन् त्या खेळात माणूस मेला की आमी गातो म्हणतीस. मग त्यो उठून बसतो?"

"हो. दिवसातून चाळीस वेळा."

"आमी मयताला वाट दावाया गातो गं. एकदाच. मागारी फिरवाया न्हाई." तिचा श्वास तुटला, पुन्हा लागला. "कोन मेलं ते इचारलं हुतं मी तुला. साधा सवाल हुता."

"मला क्षमा कर."

"माजी क्षमा माज्यापुरती. त्या चौघींची मी कशी दिऊ? साबिना किती रडली हुती. फोनवर सांगायचं न्हाई हां त्यास्नी. तू येऊन सांग, येकेकीच्या दारात हुबं ऱ्हाऊन. शिव्या घातल्या तर ऐकून घ्यायच्या. आधी साबिनाकडं जा, तिचं तोंड सोसल्यावर बाकीच्या सोप्या."

"जाईन. वचन देते."

"वचनं तू लई चांगली देतीस," आत्या म्हणाली, आणि फोन बंद झाला.

आयोजकांचं उत्तर गुरुवारी आलं. पाचजणी स्वतः हो म्हणत नाहीत तोवर ते संगीत जत्रेत वाजणार नाही. गोन्सालोनं तासभर कपाळ धरलं. मग त्यानं यंत्रात पुन्हा चार शब्द टाकले, दुसऱ्या कुठल्या तरी बायका मागवल्या, आणि जेवणाच्या सुट्टीआधी त्याला त्या मिळाल्या. सूर रडवेला होता, शब्द नव्हते, आडनावं तर नव्हतीच. त्या कोणत्या नदीवरच्या, कोणाच्या मयताला गायल्या होत्या, हे त्यानं विचारलं नाही. परीक्षकांनीही विचारलं नाही. शनिवारी गेमला दुसरं बक्षीस मिळालं, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत तुमच्या-आमच्यासारखी देवभीरू, सुसंस्कृत माणसंच होती.

यिर्लेसा तिथं नव्हती. कचेरीनं तिला शुक्रवारीच निरोप दिला होता. शनिवारी सकाळी ती सान हुआनवरच्या इस्तमिना गावाच्या धक्क्यावर उतरली. होडीवाल्यानं विचारलं, "कुठं सोडू? फ्लोरीपेसच्या घरी ना?"

"नाही, आधी साबिनाकडे."

"ती लई तापट हाय हां."

"माहीत आहे," यिर्लेसा म्हणाली. चपला हातात घेतल्या, पाण्यात पाय टाकला आणि होडीत जाऊन बसली.